सकवारआत्याची सहल

रविवारी सगळ्यांनी थीम पार्कला जायचं आणि आत्यालाही न्यायचं, असं यशोवर्धननं जेवताना जाहीर केलं, तेव्हा सकवारआत्याच्या हातातला घास हातातच राहिला.

“मला? मला कशाला रे? या वयात मी पाळण्यात बसू?”

“तिथे बॅटरीची स्कूटर भाड्यानं मिळते, आत्या. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी. खुर्चीसारखं बसायचं, अंगठ्यानं दाबायचं, की चालते. सगळा पार्क फिरशील तू.”

“सरी, बरं,” आत्या म्हणाली आणि घाईघाईनं तो घास तोंडात कोंबून तिनं खाली मान घातली. आनंद झाला की तो लपवायची तिची ही जुनी खोड. कुणाला दिसला तर काढून घेतील, असं तिला वाटत असावं.

आता पार्काचं एवढं अप्रूप कशाला, असं कुणी विचारेल. पार्काचं नव्हतंच हो! बेंगळुरूच्या राजाजीनगरचं घर विकलं गेलं होतं. पुढच्या महिन्यात सगळं बिऱ्हाड येलहंकाच्या नव्या फ्लॅटमध्ये हलणार होतं, अकराव्या मजल्यावर. खोल्या तीन. एक यशोवर्धन आणि चंदनाची, एक निहारची, एक सिद्धीची. घरातलं पाचवं माणूस कुठे जाणार, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आत्या आत आली की बोलणं पडद्यांच्या रंगावर यायचं. आणि तीही विचारत नव्हती. विचारलं तर उत्तर मिळायचं, त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणून तिनं दोन महिने ढकलले होते. पण जीव टांगणीला लागला होता, तो लागलाच होता.

त्यात ही सहल आली. ज्याला टाकायचं त्याला कुणी मिरवायला नेतं का? तिनं आपल्याशी हिशेब मांडला आणि उत्तर काढलं. म्हणजे मी यांच्याबरोबरच जाणार!

सकवारआत्या यशोवर्धनच्या वडिलांची, येसाजीअण्णांची धाकटी बहीण. घराणं जुनं. कुठल्याशा फौजेबरोबर साडेतीनशे वर्षांपूर्वी घाटावरून इकडे उतरलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण अगदी हातघाईवर आलं तर दोन्ही. आत्याचं लग्न झालं नाही. मागडी रोडच्या एका उदबत्तीच्या कारखान्यात ती काड्यांना मसाला वळायला जायची. तळहात कायमचे काळपट झाले ते तेव्हाच. घराचा वरचा मजला चढला तो त्या तळहातांवर. यशोवर्धन पहिलीत असताना वहिनी गेल्या. तेव्हापासून त्याचा डबा, डोकं, परीक्षा, ताप, सगळं आत्यानं केलं. त्याच्या मुंजीत मातृभोजनाला त्याच्या शेजारी तीच बसली. कुणीतरी कुजबुजलं, तर अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, “तिच्याशिवाय कोण बसणार?” पुढे अण्णाही गेले. दोन वर्षांपूर्वी आत्या न्हाणीघरात घसरून पडली, खुबा मोडला. आता घरातल्या घरात वॉकर, आणि बसल्या जागचं उठायला दोन माणसं.

तर हा दिवस तिच्यासाठी परीक्षेचाच होता. मी कुणाला जड नाही, हे दाखवून द्यायचं तिनं मनाशी पक्कं केलं. आणि त्यासाठी एक युक्ती काढली, फक्त बायकांनाच सुचेल अशी. पाणी प्यायचं नाही. पाणी प्यायलं की जावं लागणार. जायचं म्हणजे चंदनानं हाताला धरायचं, कुणीतरी दार धरायचं, लुगडं सावरायचं, सगळ्यांचा खोळंबा. नकोच ते! सकाळी तिनं अर्धा पेला कॉफी घेतली, तीही चंदनानं डोळे वटारले म्हणून.

पार्काच्या फाटकाशी स्कूटर आली. चार चाकं, पुढे टोपली, हँडलवर दोन खटके आणि मध्ये एक फिरवायचं बटण. त्याच्या एका बाजूला कासवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सशाचं. “अज्जी, हे दाबलं की पुढे, हे दाबलं की मागे, सोडलं की थांबते,” तिथली मुलगी म्हणाली. यशोवर्धन आणि चंदनानं मिळून आत्याला उचलून बसवलं. यशोवर्धनच्या कपाळावर लगेच घाम आला. तिनं तो पाहिला. मग खटका दाबला आणि गाडी सुर्रकन पुढे गेली.

“अय्यो!” आत्या ओरडली आणि हसत सुटली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती कुणाच्या हाताला न धरता कुठेतरी चालली होती. फुलांच्या वाफ्याला वळसा घालून ती परत आली, बरोबर यशोवर्धनच्या पायांशी थांबली आणि म्हणाली, “बघितलंस? मला काही कुणी लागत नाही. अशी एखादी गाडी असली की मी लिफ्टमधून खाली भाजी आणायलासुद्धा जाईन.”

लिफ्टचं नाव काढलं आणि यशोवर्धन मोबाइल बघायला लागला. चंदनानं पिशवीतली टोपी काढून आत्याच्या डोक्यावर घातली. आत्यानं मात्र लिफ्टची गोष्ट अगदी मुद्दाम, तोलून टाकली होती. कुणी “नाही” म्हटलं नाही, एवढ्यावर ती खूश.

आणि तिथे आणखी एक घबाड मिळालं. स्कूटरवरच्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही, बाजूच्या दारानं आत सोडतात! निहार चौदा वर्षांचा, एरवी आत्याच्या खोलीत डोकवायलाही त्याला कंटाळा. पण हे कळल्यावर तो हँडलला हात लावून चालायला लागला. “आत्याआजी, आधी तो मोठ्ठा पाळणा! मग पाण्यातली बोट! तू फक्त दारापर्यंत ये.” नऊ वर्षांची सिद्धी तर तिच्या पायांशीच बसली. रविवारची तोबा गर्दी, माणसं उन्हात तास तास तिष्ठत उभी, आणि हे चौघं आत्याच्या मागून राजासारखे आत. दारातला गडी आधी आत्याकडे बघायचा आणि मग साखळी काढायचा.

ती स्वतः मात्र कशातच बसली नाही. बसू देत नव्हते. साखळी निघाली की यशोवर्धन, चंदना आणि मुलं आत जायची, आत्या वळून बाहेर पडायच्या दाराशी जाऊन थांबायची. वरून किंचाळ्या ऐकू यायच्या. त्यात सिद्धीची कुठली, हे ती ओळखायचा प्रयत्न करायची. ऊन चढत होतं. जीभ टाळ्याला चिकटायला लागली होती. टोपलीत चंदनानं ठेवलेली पाण्याची बाटली होती. आत्यानं तिच्यावर आपला रुमाल घातला.

बोटीच्या दाराशी पुण्याचा एक चष्मेवाला आपल्या पोराला घेऊन उभा होता. यांचं मराठी ऐकून तो पुढे आला. “एक्सक्यूज मी, तुम्ही मराठी का? आजी, आमच्या तनयला पण तुमच्या ग्रुपमध्ये घ्या ना प्लीज! टू अवर्स झाले आम्ही क्यूमध्ये आहोत.”

“घ्या की, त्यात काय!” आत्या म्हणाली. “माझाच नातू म्हणून सांगा.”

“थँक यू आजी!” तो यशोवर्धनकडे वळला. “लकी आहात तुम्ही. आमची आई नाशिकला एकटी असते. इकडे यायलाच तयार नाही.”

यशोवर्धननं “हो, हो” केलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी सुटलेली नव्हती. आत्याला मात्र मूठभर मांस चढलं. परका माणूससुद्धा म्हणतो लकी म्हणून!

जेवणानंतर निहार, सिद्धी आणि यशोवर्धन पुन्हा पाण्यात गेले. चंदना आत्याजवळ सावलीत बसली. दहीभात आत्यानं दोन घास खाल्ला होता.  मग चंदनानं मोबाइल काढला.

“आत्या, एक विचारू? आपल्या देवांचं सगळं मला नीट सांगा ना. टाक कसे धुवायचे, नवरात्रात काय, चंपाषष्ठीला काय. मी रेकॉर्ड करून घेते.”

आत्यानं तिच्याकडे बघितलं आणि तिला भरून आलं. या सुनेच्या हातून लग्न झाल्यापासून देवाला कधी फूलही गेलं नव्हतं. नोकरी, मुलं, धावपळ. आत्याही कधी बोलली नव्हती. आणि आज आपण होऊन विचारतेय! नव्या घरात देवघर हॉलच्या कोपऱ्यात करायचं, असं चंदना सुताराला फोनवर सांगत असताना आत्यानं ऐकलं होतंच. देव जिथे तिथे मी, हे तिचं साधं गणित. देवघरासमोर एक दिवाण टाकला की झालं. तिला काय वेगळी खोली हवी होती?

“लिहूबिहू नको, ऐक नुसतं,” ती स्कूटरवरच सरसावून बसली. “टाक पाच. भवानी, खंडोबा, आणि तीन आपले वीर. दर पौर्णिमेला चिंचेच्या कोळानं धुवायचे. साबण लावशील तर बघ! भवानी आधी पुसायची, वीर शेवटी. नवरात्रात घटाला माती कुठलीही चालत नाही, वापरातल्या शेतातली लागते. मी देवीच्या देवळामागच्या मळ्यातून मागवते. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगे. तिकडे घाटावर बाजरीचे करतात. इथे आपल्या लोकांना बाजरी कुठून मिळायची? म्हणून आपण नाचणीचे करतो. तिकडचे पाहुणे हसतात. हसू देत. खंडोबा साडेतीनशे वर्षं नाचणी खातोय, त्यानं कधी तक्रार केली नाही.”

चंदना हसली आणि लगेच तिनं मोबाइल आत्याच्या आणखी जवळ धरला.

“तळी उचलायला पाच पुरुष लागतात. आता घरात दोनच. मग निहारच्या मित्रांना बोलव, कुठल्याही जातीचे असोत, अण्णा बोलवायचे. भंडारा कपाळाला लावायचा, आणि पहिला बाहेरच्या माणसाला, मग घरच्याला. हे विसरू नको. आणि वीरांच्या टाकांपुढे वर्षातून एकदा आपण जे खातो तेच ठेवायचं. ते गेलेत म्हणून त्यांना वेगळं शिजवायचं नाही. ते घरचेच आहेत.”

ती कितीतरी वेळ बोलत राहिली. ओठ कोरडे पडून चिरले, आवाज बसला, तरी थांबेना. मधेच चंदनानं डोळ्यांना पदर लावला. आत्या म्हणाली, “वेडी का गं तू? मी आहे ना, चुकलीस तर सांगीन.” चंदनानं मोबाइल बंद केला आणि म्हणाली, “पाणी प्या ना स्वल्प.”

“साकु गं, पुरे, मघाशीच प्यायले,” आत्या धडधडीत खोटं बोलली.

तिसरा प्रहर झाला. मुलांना अजून एकदा मोठ्या पाळण्यात बसायचं होतं. उन्हानं सिमेंट तापलं होतं. आत्याला मघापासून कानात गुणगुण ऐकू येत होती, पण आता परीक्षा संपत आली होती आणि ती पास झाली होती; शेवटच्या पेपरला उठून जायचं कशाला? सिद्धीनं मजा म्हणून मधलं बटण सशाकडे फिरवलं. बाजूच्या दाराशी गर्दी होती. गड्यानं साखळीला हात घातला आणि आत्याच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. ती हँडलवर पुढे कलंडली. अंगठा खटक्यावरच होता.

गाडी उसळून पुढे गेली. साखळीचा खांब पडला, एका बाईच्या पोटरीला हँडल लागलं, आणि तिच्या हातातलं चारेक वर्षांचं पोर तोंडघशी आपटलं. यशोवर्धननं धावत येऊन आत्याचा हात खटक्यावरून ओढला. पोराचा गुडघा फुटला होता. फार नाही, पण रक्त दिसल्यावर ते जे भोकाड पसरून रडायला लागलं, ते अख्ख्या पार्कानं ऐकलं असेल. पोराचा बाप हिंदीतून आणि आई कन्नडमधून यशोवर्धनवर तुटून पडली. सांभाळता येत नाही तर म्हाताऱ्या माणसाला आणता कशाला? गाडी चालवायला देता कशाला? अक्कल आहे का? यशोवर्धन हात जोडत होता, सॉरी सॉरी म्हणत होता. आत्याला शुद्ध आली होती, पण बोलता येत नव्हतं. टोपी एका कानावर आली होती आणि ती नीट करायला कुणाला सुचलं नाही.

ते लोक गेले आणि यशोवर्धनचा पारा चढला. तोही माणूसच, दिवसभर जे पोटात घेऊन फिरत होता, ते नको तिथून बाहेर पडलं.

“बघितलंस चंदना? तू म्हणत होतीस, घाई नको, घाई नको. उद्या अकराव्या मजल्यावर असं काही झालं तर कोण आहे घरी? तिथे निदान चोवीस तास नर्स असते!”

“अहो, हळू,” चंदना म्हणाली.

“कुठे रे?” आत्यानं विचारलं.

यशोवर्धन पडलेला साखळीचा खांब उभा करायला लागला.

“कुठे असते नर्स, यशा?”

सिद्धीला राहवलं नाही. “आनेकलला, आत्याआजी. पप्पा म्हणाले होते, आज तुला खूप मज्जा करू द्यायची आणि मग घरी गेल्यावर सांगायचं.”

चंदनानं सिद्धीचा दंड धरला, पण आता काय उपयोग? आत्यानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. निहार शेजारच्या खांबावरचा रंग नखानं खरवडत होता. म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं. नव्हतं ते फक्त तिला.

पार्कातल्या दवाखान्यात तिला पलंगावर निजवलं. तिथल्या नर्सनं नाडी बघितली, जीभ बघितली आणि कन्नडमध्ये विचारलं, “अज्जी, सकाळपासून पाणी किती प्यायलात?”

“नाही प्यायले.”

“अजिबात नाही?”

“नाही.”

“आत्या!” चंदना ओरडली. “बाटली टोपलीत होती! मी दोनदा विचारलं तुम्हाला!”

“पाणी प्यायलं की मला उतरवावं लागलं असतं,” आत्या छताकडे बघत म्हणाली. “सकाळी मला उचलताना याला घाम फुटला. म्हटलं, एक दिवस कुणाला हात लावायला लावायचा नाही. तुम्हाला दिसू दे, की म्हातारी त्रास देत नाही. बरोबर नेली तरी चालेल. मला काय माहीत, ठरलंय ते!”

नर्सला मराठी कळलं नाही. तिनं मिठासाखरेचं पाणी ढवळून दिलं आणि ती बाहेर गेली. यशोवर्धन भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. शेवटी तो बोलला ते असं, “आत्या, मी रोज कामाला पीण्या इंडस्ट्रियल एरियात जातो, ही व्हाइटफील्डला जाते. सकाळी आठ ते रात्री आठ घरात कुणी नसतं. तू पुन्हा पडलीस तर? मला झोप लागत नाही गं विचार करून. मी वाईट माणूस नाहीये.”

“वाईट कुठे म्हटलं मी?”

“जागा चांगली आहे. तुझ्या वयाची माणसं आहेत. आता सगळं नक्की झालंय.”

आत्यानं पेला तोंडाला लावला, संपवला, आणि विचारलं, “आणि देव?”

“देव आमच्याकडे. त्याची तू काळजी करू नको, चंदनानं सगळं रेकॉर्ड करून घेतलंय ना.”

 आत्यानं मान वळवून चंदनाकडे बघितलं. चंदना तोंडावर हात घेऊन उभी होती आणि नाही नाही अशी मान हलवत होती. म्हणजे तसं नव्हतं, आत्या, फक्त तसं नव्हतं. पण होतं तसंच. शिकून घेतलं, कारण शिकवणारी आता राहणार नव्हती. आणि आपण मूर्खासारखे घसा फाटेपर्यंत सांगत बसलो, नाचणी काय आणि चिंच काय! आत्याला राग आला. पण राग काढायचा तरी कुणावर? ज्याला ताप आला की मांडीवर घेऊन बसायचं, त्याच्यावर राग काढायची सवयच तिच्या अंगाला नव्हती.

“मला जायचंय,” ती म्हणाली. “उतरवा मला.”

दोघांनी मिळून तिला उतरवलं, नेलं, आणलं. तिनं कुणाचीही गय केली नाही, सगळा भार दिला.

परतताना ती पुढे यशोवर्धनच्या शेजारी बसली होती. मुलं मागे झोपून गेली होती, चंदना त्यांच्यामध्ये. रस्ता तुंबला होता. गाडी चार हात पुढे जायची आणि थांबायची.  मग आत्याच बोलली, अगदी नेहमीच्या आवाजात.

“यशा, मला एक स्थळ आलं होतं आनेकलचं. तुला ठाऊक आहे?”

“नाही.”

“तू व्हायच्या आधीची गोष्ट. मुलगा शाळेत मास्तर, घरची थोडी शेती. फोटो आला होता. मला आवडला होता रे. मी कुणाला सांगितलं नाही, पण फोटोत आवडला होता. अण्णा म्हणाला, फोटोवर मुलगी देत नाहीत, घर बघून येतो. बसनं गेला एकटाच. त्यांनी कॉफी दिली, उप्पीट दिलं, मान ठेवला. हा हात धुवायचं निमित्त करून घरात मागेपर्यंत जाऊन आला. परत आला आणि मला म्हणाला, सकू, नाही म्हणून सांगून आलो. का? तर म्हणे, त्या घराला मागचं दार नाही.”

“म्हणजे?”

“मीही हेच विचारलं. म्हणाला, बाईमाणसाला कधी रडू आलं, तर जायचं कुठे तिनं? सगळ्यांसमोर रडायचं? मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. पुढे अजून एक आलं, त्यातही त्यानं असंच काहीतरी काढलं. मग वय गेलं. पण तो प्रत्येक घर जाऊन बघून आला, एवढं खरं.”

पुढची गाडी सरकली. यशोवर्धननं गाडी सरकवली नाही. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा सरकवली.

“तू बघून आलास ना रे, आनेकलची जागा?”

“फोटो बघितलेत, आत्या. त्यांनी व्हिडिओ पण पाठवलाय. एकदम छान, स्वच्छ.”

“हं.”

“खरंच छान आहे, आत्या,” चंदना मागून म्हणाली. “पुढे बाग आहे.”

“पुढे असेल गं. मी मागचं विचारतेय.”

चंदना झोपलेल्या सिद्धीचे केस सारखे करायला लागली.

“एकदा बघून ये, यशा. माझ्यासाठी म्हणून ये. मागे दार आहे का, तेवढंच बघ. बाकी मला काही नको.”

“सरी, आत्या. जाऊन येतो,” यशोवर्धन म्हणाला, आणि त्या क्षणी तो मनापासूनच म्हणाला असेल.

पण येलहंका एका टोकाला, आनेकल दुसऱ्या टोकाला. मध्ये सगळं बेंगळुरू. सामान बांधायचं होतं, गॅसचं बघायचं होतं, ऑफिसात महिनाअखेर होती. तो गेला नाही. गेला तो एकदमच, आत्याला पोचवायला, वॉकर आणि दोन बॅगा घेऊन.

जागा खरंच वाईट नव्हती. पुढे बाग होती, जास्वंदी लावलेल्या होत्या. व्यवस्थापक बाई हसत हसत पायरीवर आल्या, “बन्नी बन्नी, अम्मा” म्हणत आत बोलावू लागल्या. आत्यानं त्यांना नमस्कार केला, पण पायरीकडे वळली नाही. वॉकर टेकत टेकत ती इमारतीच्या कडेकडेनं मागे निघाली. “आत्या, तिकडे कुठे? दार इकडे आहे,” यशोवर्धन म्हणाला आणि मग त्याला आठवलं. तो तिच्या मागून गेला. तिला बराच वेळ लागला.

मागे कंपाउंडची उंच भिंत होती, वर काचा रोवलेल्या. इमारतीला त्या बाजूनं ओळीनं न्हाणीघरांच्या छोट्या खिडक्या होत्या, आणि दुसरं काही नव्हतं. आत्या वॉकर धरून उभी राहिली. एकदा इकडून तिकडे बघितलं, पुन्हा एकदा बघितलं.

“आत्या, मी—” यशोवर्धन म्हणाला.

“तू जा आता, यशा,” ती त्याच्याकडे न वळता म्हणाली. “हीच एक जागा आहे, आणि तू इथे उभा आहेस.”

तो गेला.